तंतूंनी गुंडाळलेले दाबपात्र

(विज्ञान व तंत्रज्ञान या विषयावरील एका भाषणाचा मजकूर)

स्वयंपाकाच्या वायूचे सिलिंडर आज राज्याच्या बहुतेक खेड्यांत पोचले आहे. घरगुती सिलिंडरात १४.२ किलो वायू असतो आणि तो धारण करणारे पोलादी पात्र रिकामे असतानाच पंधरा-सोळा किलो भरते. म्हणजे वाहून न्यायच्या मालापेक्षा पात्रच जड. जेथे गाडीरस्ता संपतो तेथून डोंगरातल्या वाडीपर्यंत हे तीस किलोंचे ओझे कोणाच्या तरी खांद्यावरून वा डोक्यावरून जाते. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर नैसर्गिक वायूवर धावणाऱ्या वाहनांचीही हीच कथा आहे. ६० लिटरांच्या पोलादी टाकीत सुमारे दहा किलो वायू मावतो, पण टाकीचे स्वतःचे वजन साठ किलोंच्या घरात असते. वाहनाने जाळलेल्या इंधनाचा काही भाग, इंधन साठवणारे लोखंड वाहण्यातच खर्च होतो.

हे ओझे कमी करण्याचा जो मार्ग गेल्या सहा-सात दशकांत जगभर रूढ झाला, तो म्हणजे धातूची जाड भिंत टाळून बारीक तंतूंच्या वेष्टनाने पात्र बळकट करणे. कारखान्याच्या भाषेत या पद्धतीला फिलामेंट वाइंडिंग म्हणतात. मराठीत तिला तंतुवेष्टन म्हणता येईल. तंतू आणि रेझीन या दोन भिन्न द्रव्यांच्या संयोगातून होणाऱ्या पदार्थास संमिश्र पदार्थ ही संज्ञा आहे. ही पात्रे आता प्रयोगशाळेतून निघून स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी आली आहेत. म्हणून ती कशी तयार होतात, त्यांचे बळ कशात आहे आणि त्यांचे दुबळेपण कोठे दडलेले असते, हे केवळ अभियंत्यांनी नव्हे तर शिक्षकांनी, अधिकाऱ्यांनी आणि पंचायतीच्या सदस्यांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

दाबाचे गणित

दाबपात्राच्या भिंतीवर किती ताण येतो याची कल्पना एका साध्या उदाहरणावरून येईल. ३० सेंटीमीटर व्यासाचे, दोन्ही टोके बंद असलेले दंडगोल पात्र घ्यावे आणि त्यात नैसर्गिक वायू २०० बार दाबाने, म्हणजे वातावरणाच्या सुमारे दोनशे पट दाबाने, भरला आहे असे मानावे. अशा पात्राच्या प्रत्येक टोकावर सुमारे १४४ टनांचा रेटा येतो. दोन्ही टोके एकमेकांपासून तोडून दूर फेकण्याचा हा प्रयत्न भिंतीला रोखून धरावा लागतो. घेराच्या प्रत्येक सेंटीमीटरवर हा लांबीच्या दिशेचा भार सुमारे दीड टन होतो. त्याच वेळी वायू भिंतीला बाहेरच्या बाजूसही ढकलत असतो. हा घेराच्या दिशेचा ताण लांबीच्या प्रत्येक सेंटीमीटरमागे सुमारे तीन टन, म्हणजे बरोबर दुप्पट असतो. दाबाने नळ फुटतो तेव्हा त्याला चीर पडते ती बहुधा लांबीच्या दिशेने, याचे कारण हेच.

पोलाद सर्व दिशांना सारखेच बळकट असते. घेराच्या दिशेने पुरेल इतकी जाडी ठेवली की लांबीच्या दिशेने निम्मे बळ विनाकारण पडून राहते. तंतूंचे तसे नाही. तंतू फक्त आपल्या लांबीच्या दिशेने बळकट असतो. त्यामुळे जिकडे जितका ताण तिकडे तितकेच तंतू घालण्याची मोकळीक मिळते. एकाच कोनात तंतू गुंडाळून दोन्ही दिशांचे ताण पेलावयाचे झाल्यास तो कोन पात्राच्या अक्षाशी ५४.७ अंशांचा ठेवावा लागतो, असे गणित सांगते. व्यवहारात मात्र बहुधा काही थर अक्षाशी लहान कोन करून आणि काही थर बांगड्यांप्रमाणे घेराभोवती गुंडाळतात.

तंतू इतका बळकट कसा, हा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उद्भवतो. काचेचा पेला हातातून पडला की फुटतो; त्याच काचेचा तंतू मात्र पोलादाला मागे टाकतो. ए. ए. ग्रिफिथ या ब्रिटिश संशोधकाने १९२०-२१ च्या सुमारास याची उकल केली. काच फुटते ती तिच्यातील अतिसूक्ष्म भेगांमुळे. तंतू जितका बारीक तितकी मोठी भेग त्यात असण्याची शक्यता कमी आणि म्हणून त्याचे बळ अधिक. आज वापरात असलेल्या काचतंतूंचे ताणबळ सिलिंडरच्या पोलादाच्या तिपटीहून अधिक आहे आणि वजन त्याच्या एकतृतीयांश. कार्बनतंतू त्याहूनही हलका आणि बळकट असतो. मात्र सुटे तंतू म्हणजे पात्र नव्हे. त्यांना एकत्र बांधणारे, एकाचा भार दुसऱ्याकडे सोपविणारे आणि घर्षण व ओलावा यांपासून त्यांचे रक्षण करणारे माध्यम हवे. ते काम इपॉक्सीसारखी रेझिने करतात.

गुंडाळण्याची रीत

वेष्टनाचे यंत्र पाहिले तर प्रथमदर्शनी ते लेथसारखे भासते. एका आडव्या दांड्यावर पात्राचे अस्तर बसवून ते संथ गतीने फिरत ठेवतात. जवळच्या घोडीवर तंतूंची रिळे लावलेली असतात. रिळांमधून निघालेले पेड ताण देणाऱ्या कप्प्यांवरून येतात, रेझिनाच्या कुंडातून जातात, अंगावरचे जादा रेझीन निपटून टाकतात आणि पुढेमागे सरकणाऱ्या गाड्यावरील डोळ्यातून फिरत्या अस्तरावर उतरतात. अस्तराचे फिरणे आणि गाड्याचे सरकणे यांच्या प्रमाणावर वेष्टनाचा कोन ठरतो. पूर्वी हे प्रमाण दंतचक्रे आणि साखळ्या यांच्या साहाय्याने राखीत. आता ते काम संगणक करतो.

दंडगोल भागावर वेष्टन करणे सोपे असते. खरी परीक्षा टोकांच्या घुमटांवर होते. ओल्या, गुळगुळीत आणि वक्र पृष्ठावर ताणलेला तंतू जागचा घसरू पाहतो. भोवऱ्याला जाळी गुंडाळणाऱ्या मुलाला हे अनुभवाने ठाऊक असते. जाळी एका विशिष्ट वळणाने गेली तर भोवऱ्यावर घट्ट बसते, जरा इकडेतिकडे झाली तर निसटते. वक्र पृष्ठावरील दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा जो मार्ग, त्यावरून जाणारा ताणलेला तंतू घसरत नाही. अठराव्या शतकातील फ्रेंच गणिती अलेक्सी क्लेरो याच्या नावाने ओळखला जाणारा नियम येथे उपयोगी पडतो. त्या मार्गावर कोणत्याही ठिकाणची त्रिज्या आणि तेथील वेष्टनकोनाची ज्या, म्हणजे शाळेत शिकविला जाणारा साइन, यांचा गुणाकार कायम राहतो. पात्राची त्रिज्या १५ सेंटीमीटर आणि तोंडाच्या धातूच्या बोंडाची त्रिज्या पावणेचार सेंटीमीटर असेल, तर दंडगोल भागावर हा कोन सुमारे साडेचौदा अंशांचा घ्यावा लागतो. मग तंतू घुमटावर चढतो, बोंडाला अलगद स्पर्श करून वळतो आणि दुसऱ्या टोकाकडे परततो. माध्यमिक शाळेतील त्रिकोणमिती कारखान्यात कोठे कामास येते, याचे हे बोलके उदाहरण होय.

वेष्टनातील प्रत्येक लहानसहान गोष्टीला महत्त्व असते. ताण कमी पडला तर तंतू सुरकुततो आणि भार आलाच तर तो इतरांच्या मागून घेतो. ताण फार झाला तर आतल्या थरांतील रेझीन पिळून निघते आणि ते थर सैल पडतात. रेझिनात हवेचे बुडबुडे राहिले तर तेथे पोकळी राहते. कठीणक मिसळल्यावर रेझीन ठरावीक वेळातच वापरावे लागते. तो वेळ टळला की ते दाटते आणि तंतूंमध्ये नीट भिनत नाही. दमट हवेचाही काही कठीणकांवर आणि तंतूंवर अनिष्ट परिणाम होतो. म्हणून कोकणासारख्या प्रदेशात पावसाळ्यात असे काम करावयाचे तर कार्यशाळेतील हवेचे नियंत्रण अपरिहार्य ठरते.

वेष्टन पुरे झाले की पात्र फिरते ठेवूनच भट्टीत घेतात, कारण स्थिर ठेवल्यास पातळ झालेले रेझीन ओघळून खालच्या बाजूस साचेल. तेथे टप्प्याटप्प्याने उष्णता देऊन रेझीन पक्के केले जाते. आत पॉलिथिनचे अस्तर असल्यास तापमान जपून ठरवावे लागते, कारण ते प्लॅस्टिक १३० अंश सेल्सियसच्या आसपास वितळते.

अस्तर आणि पारख

तंतू भार वाहतात, पण वायू अडवून धरण्याचे काम मुख्यतः अस्तराचे असते. यावरून पात्रांचे प्रकार पडतात. पहिला प्रकार संपूर्ण धातूचा. दुसऱ्यात धातूच्या पात्राला फक्त घेराच्या दिशेने वेष्टन. तिसऱ्यात धातूच्या, बहुधा ॲल्युमिनियमच्या, पातळ अस्तराला सर्वांगी वेष्टन. चौथ्यात अस्तरही प्लॅस्टिकचे, आणि पाचव्यात वेगळे अस्तरच नाही. वाहनांच्या चौथ्या प्रकारच्या टाक्यांचे वजन पोलादी टाकीच्या सुमारे एकतृतीयांशापर्यंत उतरते. हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारींतील ७०० बार दाबाच्या टाक्या याच प्रकारच्या असतात.

तिसऱ्या प्रकारात एक मार्मिक क्रिया केली जाते. पात्र तयार झाल्यावर त्यात एकदा नेहमीपेक्षा बराच जास्त दाब देतात. त्यामुळे ॲल्युमिनियमचे अस्तर कायमचे थोडे ताणले जाते. दाब उतरला की बाहेरचे तंतू मूळ स्थितीला येऊ पाहतात आणि अस्तराला आवळून धरतात. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवितात आणि ती निवताना आकसून लाकडी चाकाला करकचून आवळते, त्यातलाच हा प्रकार. असे आवळलेले अस्तर वारंवार भरण्या-रिकामे होण्याचा शीण अधिक काळ सोसते.

यानंतर पारख होते. प्रत्येक पात्र पाण्याने भरून सामान्यतः कामकाजाच्या दाबाच्या दीडपट दाबाने तपासतात. पाणी वापरण्याचे कारण असे, की पाणी फारसे दाबले जात नाही आणि त्यामुळे पात्र फुटलेच तर स्फोट होत नाही. प्रत्येक गटातील नमुन्याचे पात्र तर मुद्दाम फुटेपर्यंत ताणून पाहतात. वाहनांतील नैसर्गिक वायूच्या टाक्यांसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय मानकात सर्वांगी काचतंतुवेष्टनासाठी ३.६५ आणि कार्बनतंतूंसाठी २.३५ इतके सुरक्षितता-गुणोत्तर ठरविले आहे. काचतंतूंना अधिक गुणोत्तर लागते, कारण वर्षानुवर्षे सतत भाराखाली राहिल्यास काचतंतू हळूहळू दुबळा होतो. आज सोसलेला भार तो उद्याही सोसेलच असे नाही.

अवकाशातून अग्निशमन दलाकडे

या तंत्राची वाढ प्रथम संरक्षण आणि अवकाश या क्षेत्रांत झाली. अमेरिकेच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रात काचतंतूंच्या वेष्टनाची मोटर-कवचे वापरली गेली. घन इंधनाच्या अग्निबाणाचे कवच हेही एक दाबपात्रच असते. पुढे १९७१ मध्ये अमेरिकेच्या नासा या संस्थेने हे ज्ञान अग्निशमन दलाच्या कामी आणण्याचा उपक्रम हाती घेतला. धुरात शिरणाऱ्या जवानाच्या पाठीवरील हवेचे नळकांडे इतके जड असे की कित्येक जण ते न घेताच आत जाणे पसंत करीत. ॲल्युमिनियमच्या अस्तरावर काचतंतू गुंडाळलेल्या नळकांड्यांमुळे संचाचे वजन सुमारे एकतृतीयांशाने घटले आणि १९७४-७५ मध्ये न्यूयॉर्क, ह्यूस्टन व लॉस एंजेलिस या शहरांत त्याच्या प्रत्यक्ष चाचण्या झाल्या. वजनातील काही किलोंची घट म्हणजे मनुष्याच्या प्राणांचे रक्षण, हे येथे दिसून आले.

भारतातही हे तंत्र अवकाश-कार्यक्रमातूनच रुजले. तिरुवनंतपुरम येथे संमिश्र पदार्थांचे काम उभे करणाऱ्यांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम हे अग्रणी होते. १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत सोडणाऱ्या एसएलव्ही-३ या अग्निबाणाच्या वरच्या टप्प्यांची कवचे तंतुमिश्र होती. त्याच्या चौथ्या टप्प्यावर आधारित मोटर १९ जून १९८१ रोजी सोडलेल्या ॲपल या दळणवळण उपग्रहात वापरली गेली. नंतरच्या पीएसएलव्ही अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे कवचही केव्हलार तंतूंच्या वेष्टनाचे आहे. आणि २०२१ मध्ये इंडियन ऑइलने ५ व १० किलो वायूचे संमिश्र घरगुती सिलिंडर बाजारात आणले. आत पॉलिथिनचे अस्तर, मध्ये काचतंतूंचे वेष्टन आणि बाहेर पुन्हा पॉलिथिनचे कवच अशी त्याची रचना आहे. पोलादी सिलिंडराच्या मानाने त्याचे वजन सुमारे निम्मे. ते गंजत नाही आणि अर्धपारदर्शक असल्यामुळे उजेडात धरले असता आतील वायूची पातळी दिसते.

दडलेला दोष

एवढे गुण सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगणे कर्तव्य ठरते. पोलादी सिलिंडर आपटले तर पोचा पडतो आणि तो दिसतो. गंज चढला तर तोही दिसतो. संमिश्र पात्रावर आघात झाल्यास बाहेरून क्वचित एखादा ओरखडा दिसतो, पण आत थर एकमेकांपासून सुटलेले असू शकतात.

या दडलेल्या दोषाचे परिणाम अलीकडच्या दोन घटनांत जगाने पाहिले. १ सप्टेंबर २०१६ रोजी अमेरिकेतील केप कॅनाव्हेरल येथे फाल्कन-९ हा अग्निबाण चाचणीच्या तयारीत असताना तळावरच नष्ट झाला. द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीत बुडालेल्या, हेलियम साठविणाऱ्या वेष्टित पात्राच्या अस्तराला सुरकुती पडून अस्तर आणि वेष्टन यांच्यामध्ये ऑक्सिजन साचला आणि तेथे तो पेटला, असा निष्कर्ष चौकशीअंती निघाला. दुसरी घटना १८ जून २०२३ ची. टायटॅनिक जहाजाचे सुमारे ३,८०० मीटर खोल असलेले अवशेष पाहण्यास निघालेली टायटन ही पाणबुडी चिरडली जाऊन पाच जण मृत्युमुखी पडले. तिचे दंडगोल कवच कार्बनतंतूंचे होते. वायूच्या टाकीत दाब आतून येतो आणि तंतू ताणले जातात. पाणबुडीत तो बाहेरून येतो आणि तंतू चेपले जातात. ताण सोसण्यात तंतूची बरोबरी नाही, पण चेपले जाताना सगळी भिस्त थरांच्या आणि रेझिनाच्या एकसंधपणावर राहते. आदल्या वर्षीच्या एका बुडीच्या अखेरीस मोठा आवाज ऐकू आला होता आणि तेव्हाच कवचाचे थर सुटले होते, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाच्या चौकशीत आढळले. त्यानंतरही ती पाणबुडी वापरात राहिली.

या घटनांचा अर्थ तंतुवेष्टित पात्रे धोक्याची आहेत असा नव्हे. नियमांनुसार बनविलेली, तपासलेली आणि नीट हाताळलेली असंख्य पात्रे जगभर वाहनांत व घरांत सुरक्षितपणे वापरात आहेत. अर्थ इतकाच, की या पात्रांत कसूर डोळ्यांना दिसेलच असे नाही. म्हणून डोळ्यांची जागा शिस्तीने घ्यावी लागते.

स्थानिक पातळीवरील दक्षता

भारतात वायू सिलिंडरांची निर्मिती, भरणा, साठवण व वाहतूक २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांनुसार होते आणि त्यांच्या अंमलबजावणीची जबाबदारी असलेल्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. परंतु वाडीतल्या घरापर्यंत या संघटनेचा अधिकारी प्रत्येक वेळी पोचू शकत नाही. तेथे गावाचीच दक्षता उपयोगी पडते.

त्यासाठी फार मोठ्या ज्ञानाची गरज नाही. पोलादी सिलिंडराच्या वरच्या कड्याखालील पट्टीवर एक अक्षर आणि वर्ष लिहिलेले असते. ए, बी, सी, डी ही अक्षरे वर्षाच्या चार तिमाही दर्शवितात आणि त्या तिमाहीत सिलिंडराची पुनर्तपासणी व्हावयाची असते. संमिश्र सिलिंडरावर ही माहिती लेबलावर असते. मुदत टळलेले सिलिंडर स्वीकारू नये. संमिश्र सिलिंडर टेंपोतून खाली फेकू नये, फरफटत नेऊ नये, धगीजवळ ठेवू नये; त्याला भोके पाडू नयेत, चटका देऊन खुणा करू नयेत. ते उंचावरून पडले असेल तर बाहेरून धड दिसले तरी वितरकाकडे परत करून तपासून घ्यावे. वाहनातील टाकीबाबतही अपघातानंतर किंवा आगीनंतर अधिकृत केंद्राकडून तपासणी झाल्याखेरीज वायू भरू नये. ग्रामसभेत अर्धा तास आणि शाळेच्या विज्ञान तासिकेत एक पाठ एवढ्याने ही माहिती घरोघर पोचू शकेल. शिक्षकांनी दोऱ्याचे रीळ आणि एखादी बाटली घेऊन वेष्टनाचे कोन वर्गात करून दाखविले, तर भूमिती आणि सुरक्षितता हे दोन्ही विषय एकदमच शिकविता येतील.

हलके सिलिंडर वाडीवर चढवताना ज्या बाईचे ओझे कमी होणार आहे, तिला घुमटावरच्या वेष्टनाचा कोन ठाऊक असण्याचे कारण नाही. तो कोन बरोबर ठेवणे ही कारखान्यातील कामगाराची जबाबदारी, ते पात्र तपासणे ही निरीक्षकाची, ते न आपटता पोचविणे ही वितरकाची, आणि मुदत पाहून घेणे ही गावाची. या साखळीतील प्रत्येकाने आपला वाटा उचलला, तरच कमी वजनाबरोबर निर्धास्तपणाही तिच्या घरी पोचेल.